आतकरवाडी ते पुणे दरवाजा: वीस हजारांच्या घड्याळाचा हिशेब

कंपनीचं नाव लिहीत नाही. वीस हजारांच्या आसपास मिळणारी पळणाऱ्यांची घड्याळं आतून बरीचशी एकाच पठडीतली असतात आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू आहे. माझ्याकडच्या घड्याळात जीपीएस आहे, हवेचा दाब मोजून उंची सांगणारा बॅरोमीटर आहे, मनगटावरून नाडी मोजणारा हिरवा दिवा आहे. पाच बटणं आहेत, पडदा टचचा नाही. नकाशे, गाणी, पैसे भरायची सोय यातलं काही नाही आणि त्यांची उणीव मला एकदाही भासली नाही. सपाट रस्त्यावर मॅरेथॉन पळणाऱ्यांना या परीक्षणाचा फारसा उपयोग नाही. डोंगराच्या एकाच वाटेवर स्वतःचाच वेळ मोडायला पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

मी सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसते. संध्याकाळी रोकड आणि पुस्तक जुळलं नाही तर दहा रुपयांसाठीसुद्धा सगळी शाखा बसून राहते, त्यामुळे एकाच गोष्टीचे दोन आकडे समोर आले की मला चैन पडत नाही. वय पन्नाशीच्या पलीकडे, राहायला पुण्यातला सिंहगड रोड, व्यसन सिंहगड किल्ल्याचं. इथे नेहमी येणाऱ्यांत ओळख झाली की नाव विचारायच्या आधी "कितीत चढता?" असं विचारतात. पायथ्याच्या आतकरवाडीपासून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतची वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरच्या वर चढ आहे. हौशी पाहुणे सव्वा तास, दीड तास घेतात. रोजची मंडळी पाऊण तासात वर असतात. आणि काही पोरं अशी आहेत की ती पंचवीस मिनिटांच्या आसपास पोचून, ताक पिऊन, आपण अर्ध्यात असतानाच उतरताना भेटतात. माझा जुना उच्चांक ४३:५० होता. मला ४२ च्या आत यायचं होतं. "दोन मिनिटांसाठी वीस हजार?" असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, मिनिटाला दहा हजार पडतात, भाव बरोबर आहे.

डब्यातून निघालेलं घड्याळ पळताना सगळ्यात मोठ्या अक्षरांत पेस दाखवतं, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. आतकरवाडीच्या चढावर हा आकडा निव्वळ करमणूक आहे. १४, मग २३, मग ११, मग एकदम ३१. कारण साधं आहे. या चढावर माझ्यासारखी बाई सेकंदाला मीटरभर पुढे सरकते आणि जीपीएसला झाडीत आपली जागा चार-पाच मीटर इकडे-तिकडे दिसते. मोजायची गोष्ट लहान आणि चूक तिच्यापेक्षा मोठी. त्यातून वाट नागमोडी. घड्याळ बॅटरी वाचवायला दर सेकंदाऐवजी अधूनमधून नोंद घेत असेल तर वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. पहिलं काम हे करा: पेस पडद्यावरून काढून टाका आणि नोंद दर सेकंदाला घ्यायला सांगा. पाऊण तासाच्या धावेत बॅटरी वाचवून ती न्यायची कुठे?

पेसच्या जागी मी दोनच आकडे ठेवले. सुरुवातीपासून गेलेला वेळ आणि चढलेली उंची. इथे हे घड्याळ पैसे वसूल करून देतं. माझ्या बॅरोमीटरने पायथा ते दरवाजा ५६० मीटर चढ धरला. ५६० भागिले ४२, म्हणजे मिनिटाला तेरा मीटर आणि वर चिल्लर. तासाचा हिशेब ८०० मीटर. घाटात सायकल मारणारे हाच आकडा व्हीएएम नावाने वापरतात. चढ उभा असो की थोडा निवांत, वाट मुरमाची असो की कातळाची, आपण वेळेत आहोत की नाही हे त्यातून कळतं. दहा मिनिटं झाली, १३३ मीटर झाले का? वीस झाली, २६६? तोंडी गुणाकार जमत असेल तर याहून हुशार घड्याळ लागत नाही.

एक मेख मात्र आहे. सुरुवातीचा तुकडा घरं आणि हॉटेलांच्या बाजूने जातो, तिथे चढ सौम्य आहे. पहिल्या पाच मिनिटांत घड्याळ आपल्याला पिछाडीवर दाखवतं. दाखवू द्यावं. ती उंची भरून काढायला तिथे जोर लावला तर पुढच्या उभ्या चढावर मांड्या असहकार पुकारतात आणि मग मिनिटाला तेरा सोडा, नऊसुद्धा निघत नाहीत. "इथे चढ कमी आहे, घाबरू नका" असं सांगणारी सोय माझ्या घड्याळात नाही. ती अक्कल आपल्याला वाटेवरच मिळवावी लागते.

बॅरोमीटरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. आपण वर जातो तसा हवेचा दाब उतरतो. हजार मीटर उंचीच्या आसपास एक हेक्टोपास्कल दाब उतरला की साधारण नऊ मीटर वर आलो असं धरायचं. म्हणजे पायथा ते दरवाजा सगळा मिळून साठेक हेक्टोपास्कलचा मामला. पण दाब आपण न हलताही बदलतो. आपल्या पट्ट्यात तो दिवसातून दोनदा वरखाली होतो: सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री पुन्हा चढलेला, पहाटे पुन्हा उतरलेला. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल भरतो, म्हणजे उंचीत वीस-पंचवीस मीटर. पावसाळी हवा असेल तर आणखी. त्यामुळे आदल्या संध्याकाळी घरी उंची जुळवून सकाळी पायथ्याशी गेलात की घड्याळ भलताच आकडा दाखवतं आणि लोक ते बिघडलं म्हणून परत करायला निघतात. बिघडलेलं नसतं. पायथ्याशी पोचल्यावर उंची पुन्हा जुळवा, आणि धावताना मध्येच जीपीएस पाहून आपोआप उंची दुरुस्त करण्याची सोय बंद ठेवा. जीपीएसची उंची त्याच्या आडव्या जागेपेक्षाही कच्ची असते, तिने बॅरोमीटरला शिकवायचं कारण नाही.

घड्याळाच्या कडेला दाबासाठी बारीक भोकं असतात. त्यांत घाम आणि माती बसली की उंची एका जागी अडकते आणि मग एकदम तीस मीटर उडी मारते. पावसाळ्यात जॅकेटची ओली बाही त्यावर चिकटली तरी तेच. दर वेळी घरी आल्यावर नळाखाली धुवायचं. टाचणी घालायची नाही, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि तरी सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा टाचणीच येते.

आता मुख्य भांडण. विक्रम कुणी मोजायचा?

बहुतेक मंडळी धाव संपली की घड्याळ फोनला जोडतात आणि ॲपवर जो वेळ दिसतो तो आपला मानतात. ॲपमध्ये त्या वाटेचा कुणीतरी आखलेला एक तुकडा असतो. तुमची जीपीएसची रेघ त्या तुकड्याच्या सुरुवातीजवळून कधी गेली आणि शेवटाजवळून कधी गेली, ते पाहून ॲप वेळ काढतं. कल्पना छान आहे आणि लांब, मोकळ्या रस्त्यावर ती चालतेही. पण इथे वरचं टोक दरवाजाच्या अंगाला, कड्याला लागून आहे. एका बाजूला कातळ असला की उपग्रहाचा संदेश त्यावर आपटून घड्याळापर्यंत पोचतो आणि जागा सरकते. शेवटच्या चढावर माझा वेग सेकंदाला मीटरपेक्षा कमी. तिथे दहा मीटरची चूक म्हणजे बारा सेकंद. खालच्या टोकाला आणखी काही. मी जे सेकंद दोन-चार करून वाचवत होते त्यांपेक्षा मोजमापाची चूक मोठी. दोन फ्रिक्वेन्सी पकडणारी महागडी घड्याळं यात सुधारणा करतात, भाच्याचं तसं आहे, त्याची रेघ माझ्यापेक्षा नीट येते हे खरं. तरी दरवाजापाशी त्याचीही रेघ दरीच्या बाजूला तरंगताना मी पाहिली आहे. मावशी, तुझा दगडच बरा, असं तो स्वतःच म्हणाला.

दगडाचं असं की माझ्या सुरुवातीला वाटेच्या डाव्या हाताला एक ठरलेला दगड आहे आणि शेवट म्हणजे पहिल्या कमानीचा उंबरा. दगडाला पाय लावला की बटण, उंबऱ्याला पाय लावला की बटण. जगातले मोठे लोकसुद्धा याच जातीचे. डोंगरात पळणारा किलियन जॉर्नेट याने २०१३ साली मॅटरहॉर्नवर चढून-उतरून २ तास ५२ मिनिटं २ सेकंद घेतले, ते इटलीतल्या चेर्विनिया गावातल्या चर्चपासून निघून पुन्हा तिथेच. त्याच्या आधीचा १९९५ सालचा ब्रूनो ब्रूनोद याचा वेळ ३:१४:४४ होता, म्हणूनच दोघांची तुलना करता येते. चर्च हलत नाही. १९९५ साली कुणाच्या मनगटावर जीपीएस होतं?

आपोआप थांबणं ही दुसरी खोड. तुम्ही उभे राहिलात की घड्याळ वेळ मोजणं थांबवतं, चालू लागलात की सुरू करतं. शहरात सिग्नलला ठीक आहे. डोंगरात दोन गोष्टी होतात. एक, उभ्या कातळावर हाताने धरत चढताना तुमचा वेग इतका कमी असतो की घड्याळाला वाटतं तुम्ही बसलात. दोन, तुम्ही खरोखरच गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत असता आणि ते सेकंद हिशेबातून गायब होतात. आमच्या गटात एक गृहस्थ आहेत, त्यांचे सगळे विक्रम 'मूव्हिंग टाइम'चे. ताक पिताना त्यांचं घड्याळ थांबलेलं असतं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीतसुद्धा व्याज चालू असतं. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आणि ॲपवरही 'इलॅप्स्ड' असेल तोच वेळ पाहा. डोंगरातल्या वेगाच्या नोंदी ठेवणारे लोक जगभर निघाल्यापासून पोचेपर्यंतचा सगळा वेळ धरतात, थांबे धरून.

नाडीचा हिरवा दिवा मला पटला नाही. तो कातडीखालच्या रक्ताची हालचाल प्रकाशाने टिपतो. चढावर आपण तळहात मांडीवर दाबून चालतो, तेव्हा मनगट मागे वळतं, शिरा ताणल्या जातात, घड्याळ कातडीपासून किंचित सुटतं. मग ते नाडीऐवजी पावलांची लय मोजायला लागतं. श्वास फुललाय, कानात ठोके ऐकू येताहेत आणि पडद्यावर ११२. छातीचा पट्टा वेगळा विकत घेतला तर आकडे विश्वासाचे येतात, कारण तो हृदयाचे विजेचे संकेतच पकडतो. पण तो मंगळसूत्रात अडकतो, हे कुठल्याही परीक्षणात वाचलं नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवते. मी धावताना मंगळसूत्र पाकिटात ठेवते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आणि बटणं. घड्याळ डाव्या हाताला बांधलं तर सुरू-बंद करायचं मुख्य बटण तळहाताच्या बाजूला येतं. मांडीवर हात दाबला, मनगट वळलं, की हाताच्या मागच्या भागाने ते बटण दाबलं जातं. अगदी भर चढात, सगळ्यात चांगल्या चाललेल्या दिवशी माझं घड्याळ असं बंद पडलं आणि वर गेल्यावर कळलं की नोंद अर्ध्यातच थांबलीये. डोंगरासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही अक्षम्य चूक आहे. ज्याने हे बटण तिथे ठेवलं त्याने गुडघ्यावर हात ठेवून कधी जिना तरी चढला असेल का, शंका आहे. उपाय दोन: बटणांना कुलूप लावायची सोय असते ती वापरा, किंवा घड्याळ उजव्या हाताला बांधा. बांगडी घालत असाल तर ती दुसऱ्या हातात, नाहीतर तीही बटणं दाबते आणि काचेवर चरे पाडते ते वेगळंच. एवढं असूनही मी टचच्या पडद्यापेक्षा बटणंच घ्या असं सांगेन. घामेजल्या बोटाने किंवा पावसात टच पडदा काहीही ऐकत नाही. भाचा टी-शर्टच्या टोकाने पडदा पुसत उभा असतो, मी पुढे निघून जाते. असे सुखाचे क्षण आयुष्यात कमी.

विक्रमाचा दिवस डिसेंबरातला शनिवार, बँकेच्या सुट्टीचा. रविवारी त्या वाटेवर माणसांची रांग असते, पुढे जायला वाट मागावी लागते, तेव्हा वेळ काढायचा विचारही करू नये. पावसाळ्यात शेवाळलेला दगड आणि चिखल. मार्चनंतर मुरूम इतका सुटतो की चढताना एक पाऊल पुढे टाकावं तर अर्धं मागे येतं, शिवाय साडेसातलाच ऊन चटके देतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा मोसम. मी साडेसहाला, उजाडता उजाडता दगडाला पाय लावला.

वाटेवर चार खुणा ठरवून प्रत्येक ठिकाणी लॅपचं, म्हणजे प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा नोंदवणारं बटण दाबते. ही या घड्याळातली सगळ्यात कमी जाहिरात झालेली आणि सगळ्यात कामाची सोय. शेवटच्या घरापर्यंत ५:२०. उंची पिछाडीवर, अपेक्षेप्रमाणे. तिथून मधल्या ताकाच्या खोपटापर्यंत १५:४०, एकूण २१:०० आणि उंची २८२. म्हणजे दोन मीटर जमा! अर्धी वेळ, अर्धा चढ, जमेची बाजू दोन मीटर. काउंटरवरही इतका समाधानी ताळा क्वचित लागतो. ताकवाल्या मावशी मडकी मांडत होत्या.

"ताई, आज बी पळतच का? बसा की जरा."

"उतरताना बसते, मावशी."

"उतरताना समदेच बसत्यात."

पुढचा खडकाचा टप्पा ११:५८. इथे मी घड्याळाकडे पाहणं सोडलं, कारण पाय कुठे ठेवायचा ते पाहायचं होतं. बॅरोमीटर थोडा मागून येतो, क्षणोक्षणी पाहिलं तर उगाच धीर खचतो किंवा उगाच हुरूप येतो. खुणेपाशी एकदाच पाहावं. खुणेला ३२:५८ होते. उरलेल्या चढाला नऊ मिनिटं दोन सेकंद. गेल्या वर्षीच्या माझ्या चांगल्या दिवशी हाच तुकडा ९:३० ला झाला होता, आणि तो आकडा मला ठाऊक होता केवळ लॅपमुळे. म्हणजे नेमकं किती ओढायचंय ते कळलं. ॲपवरचा एकच एकूण आकडा असता तर हे कळायला मार्ग नव्हता. शेवटचा तुकडा ८:५०. उंबऱ्याला पाय, बटण. ४१:४८.

खाली आल्यावर फोनला जोडलं तर ॲपच्या तुकड्याचा वेळ ४१:३१. शेजारीच मूव्हिंग टाइम ४०:५६, कारण ती सोय मी घड्याळात बंद केली तरी ॲप आपल्या परीने ती पुन्हा काढतंच. एकाच धावेचे तीन वेळ. गटावर टाकल्यावर मूव्हिंगवाल्या गृहस्थांनी लगेच लिहिलं, "अहो मॅडम, चाळिशीतच आलात की!" मी वहीत ४१:४८ लिहिलंय. फुकटचे सतरा सेकंद कुणी काउंटरवर ठेवून गेलं तरी मला ते घेता येत नाहीत.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच. बॅरोमीटर आहे का ते आधी विचारा. काही स्वस्त घड्याळं उंची दाखवतात, पण ती जीपीएसवरून काढलेली असते. दुकानदाराला 'आहे का' म्हणून विचारलं तर तो 'आहे' म्हणतो, म्हणून खोक्यावरची यादी स्वतः वाचा. लॅपचं वेगळं बटण हवं. पडद्यावर कुठले आकडे दिसावेत हे ठरवता यायला हवं. नकाशे, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा अंदाज), झोपेचे गुण, 'आज तुमचं शरीर ६३ टक्के तयार आहे' वगैरेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. त्या सकाळी घड्याळाने मला विश्रांती घ्यायचा सल्ला दिला होता. कात्रज ते सिंहगड रात्री चालणाऱ्यांना किंवा सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा पळणाऱ्यांना बॅटरी आणि नकाशा दोन्ही लागतील, त्यांची गरज वेगळी आहे. नुसता एक गड, एक वाट असेल आणि बजेट नसेल तर साधं शंभर लॅप साठवणारं डिजिटल घड्याळ हजार-दीड हजारात मिळतं, ते आणि दोन दगड यांवर वेळेचं काम भागतं. मिनिटाला तेरा मीटरचा हिशेब तेवढा हुकेल, आणि माझी दोन मिनिटं त्याच हिशेबाने निघाली असं माझं मत आहे.

घड्याळाला मी पाचपैकी साडेतीन देते. एक गुण बटणाच्या जागेसाठी कापलाय, अर्धा पट्ट्यासाठी. सोबत येणाऱ्या सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून मनगटाला पुरळ येतं आणि चार्जिंगच्या पिना घामाने हिरव्या पडतात, त्या कोरड्या पुसूनच चार्जरला लावाव्यात. कंपनीचा दुसरा पट्टा अडीच हजारांना आहे. रविवार पेठेत त्याच मापाचा नायलॉनचा पट्टा दीडशेला मिळाला. तो धुतला की दोन तासांत वाळतो, फक्त घेताना घड्याळ सोबत न्या, कारण बावीस आणि वीस मिलिमीटर डोळ्यांना सारखेच दिसतात.